दोन पुरचुंड्या

सोमवार, ६ ऑगस्ट ६२

घरमालक अण्णांचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही.

त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, पायस केलं. "घे रे दत्तू, अजून स्वल्प घे. तुझ्याच दवाखान्यातली बातमी." दोन वाट्या खाल्ल्या. मग खोलीत येऊन बसलो.

तीन महिने अण्णांच्या लघवीतून रक्त जात होतं. अण्णा हसण्यावारी न्यायचे. "रेशीम रंगवून रंगवून आतनं पण रंगलो बघ. काल लाल रंगाची पाळी होती." हात कोपरापर्यंत निळे, नखं कायमची काळी. मीच मागे लागून आमच्याकडे नेलं. नळी घालून मूत्राशयातले तुकडे काढले, ज्वारीच्या कण्यांएवढे. तुकड्यांची बाटली आमच्या तपासणी खात्यात आली ती मीच उतरवून घेतली.

आणि काही नाही? मग रक्त कुठलं?

बुधवार, ८

डॉक्टर म्हणाले, तुझ्या अण्णांची सकाळची लघवी अजून एकदा आण.

काही नाही तर परत कशाला? विचारलं. "माझ्या अभ्यासाला." एवढंच.

डॉक्टरांचा अभ्यास म्हणजे लघवी मशीनमध्ये गरगर फिरवायची, तळाचा गाळ काचेवर घ्यायचा, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. नळी न घालता नुसत्या लघवीतून कॅन्सर धरायचा म्हणतात. त्यासाठी रंगाऱ्यांच्या गल्लीतली सगळी पुरुष मंडळी वहीत उतरवलीत. रंग कुठला, किती वर्षं, विडी किती. गल्लीत लोक मला चिडवतात, "काय रे, आज किती शेर पाहिजे?"

टेबल पुसताना वही बघून घेतली. अण्णांच्या नावापुढे लाल प्रश्नचिन्ह. तोंडानं काही नाही म्हणायचं आणि वहीत प्रश्न मांडायचा. माणूस काहीतरी लपवतोय.

मागे वळलो तर रंगप्पा दारात. किती वेळ उभा होता कोण जाणे.

गुरुवार, ९

रंगप्पा आमचा सीनियर. तुकड्यांचे मेणात ठोकळे करणं, मशीनवर कापून काचेवर घेणं, सगळं त्याच्या हातात. मी बाटल्या धुतो, तुकडे मलमलीत बांधून पुरचुंडी करतो. आत नंबराची चिठ्ठी घालतो. पुरचुंड्या स्पिरिटच्या भांड्यांतून फिरतात, मग मेण. चिठ्ठी ठोकळ्यासोबत मेणातच राहते, कडेनं वाचता येते.

चिठ्ठ्या लिहायचं काम मला गेल्या महिन्यातच मिळालं. चौथी पास माणसाला लिहायचं काम! आईला कळवलं. त्या खुशीत शाईचा पेन घेतला. कामावर एकच दिवस मिरवला. दुसऱ्या दिवशी रं.नं खिशातून काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि हातात पेन्सिलीचा तुकडा दिला. "इथं हे." कारण नाही, काही नाही. जळतो.

आज तो जेवायला गेला तेव्हा अण्णांचा ठोकळा काढून बघितला. ३१४. चिठ्ठी माझी नाही! अक्षर रं.चं.

शेजारचा ३१५. त्याच दिवशीचा, तोही मूत्राशयाचा. त्याची पण चिठ्ठी बदललेली. बाकी सगळ्या माझ्या हातच्या. फक्त या दोन.

३१५ म्हणजे नंजप्पा, तुमकूरकडचा, गिरणीवरचा राखणदार. त्याचा रिपोर्ट कॅन्सर.

शनिवार, ११

निमित्त काढून वॉर्डात गेलो. नंजप्पा खाटेवर पाय दुमडून बसलेला, बायको मोसंबं सोलून देत होती. येत्या गुरुवारी ऑपरेशन. मूत्राशय सगळंच काढणार, वाट आतड्यात जोडणार. मला डॉक्टरांचा माणूस समजून हळूच विचारतो, "नंतर उभं राहून लघवीला जाता येईल का?"

मी उलट विचारलं, रक्त किती दिवस होतं? "एकदाच. ते पण थोडं."

एकदाच. आणि अण्णांना तीन महिने.

दोन्ही तुकड्यांची अदलाबदल झाली असली तर? या माणसाचं चांगलं मूत्राशय कापून टाकतील, आणि अण्णा पायस खात बसतील.

रं.चा मेहुणा हल्ली रोज येऊन बसतो. बेकार आहे. माझ्या जागेवर डोळा आहे त्याचा. चूक करायची, माझ्या नावावर दाखवायची, आणि मेहुण्याला चिकटवायचं. असंच असणार.

रविवार, १२

अक्का अण्णांना घेऊन बसवनगुडीच्या देवळात जाऊन आल्या. नवस फेडला. मला प्रसाद. अण्णा जिन्यात दोनदा थांबले. "वय झालं बघ." संडासातून आले. रक्ताचं मी विचारलं नाही.

उद्या रं.ला धरतो.

सोमवार, १३

धरलं. दोन्ही ठोकळे त्याच्यापुढे ठेवले. चिठ्ठ्या का बदलल्यास?

तो ओरडेल असं वाटलं होतं. उठला, दार लोटलं, ड्रॉवरमधून काडेपेटी काढली. आत दोन चिठ्ठ्या वाळवून ठेवलेल्या. दोन्ही कोऱ्या. कडेला निळसर डाग.

"कुणाचा पेन?"

माझाच.

स्पिरिट शाई खातं. पेन्सिल खात नाही. म्हणून इथं पेन्सिल. त्याला वाटलं होतं एवढं मला ठाऊक असेल. पुरचुंड्या मेणात घालायला उघडल्या तेव्हा बाकी चिठ्ठ्या आदल्या दिवशीच्या, पेन्सिलीच्या. या दोनच कोऱ्या. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी मला हाकललं असतं. म्हणून त्यानं भांड्यात कुठली कुठे पडली होती ते बघून अंदाजानं नंबर घातले.

विचारलं, खात्री आहे?

म्हणाला, "स्वल्प."

मेहुणा बाहेर बसलाय तो कुणासाठी? रं.ची बायको आजारी आहे, तो डबा आणून देतो. मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे अण्णांचा रिपोर्ट मीच धुऊन टाकला. माझ्या हातानं.

मंगळवार, १४

सकाळपासून चार वेळा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. नोकरी गेली तर गावाकडे काय तोंड दाखवू? भाऊ म्हणेल, मला माहीत होतं. पण परवा गुरुवार.

पाचव्यांदा आत गेलो. सगळं सांगितलं. रं.चं नाव घेणार नव्हतो. तोच मागून आत आला. "दोघांची चूक आहे, सर." म्हणजे मला एकट्याला अडकवायचा डाव नव्हता. का असंही वागून तो पुढचं काही... नाही. पुरे.

 डॉक्टरांनी वही उघडली, लाल प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. अण्णांच्या लघवीत त्यांना वाईट पेशी दिसल्या होत्या. तुकड्यात काहीच नाही. "मी आठवडाभर स्वतःवर संशय घेत होतो. म्हटलं, माझीच पद्धत खोटी."

म्हटलं, मग कॅन्सर अण्णांनाच?

"नुसत्या लघवीवर सांगणार नाही. आणि नंजप्पांची तर मी बघितलेलीच नाही. दोघांनाही असू शकेल."

गुरुवारचं ऑपरेशन थांबवलं. दोघांना परत नळी. माझं काय ते नंतर बघू म्हणाले. अण्णांना कोण सांगणार? "तू."

बुधवार, १५

सुट्टी. गल्लीत झेंडा, पोरांना पेढे. अण्णा ओट्यावर बसून रेशमाच्या लडी सोडवत होते.

सांगितलं. परत यायला लागेल. का? मग पेनाचं पण सांगितलं. सगळं.

लडी सोडवणं थांबलं नाही. सोडवता सोडवता म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीचं पायस कुणाचं होतं रे?"

अक्का आत गेल्या. जेवायला हाक मारली नाही. ताट मात्र खोलीच्या दाराशी झाकून ठेवलेलं.

जिन्यात अण्णांनी गाठलं. "सरी, ठीक आहे, येतो मी. पण या खेपेला चिठ्ठी तू लिहू नको. दुसऱ्या कुणाला सांग."

मान हलवली. या घरात माझ्यावर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. मी सगळ्यांवर घेत होतो.

शुक्रवार, १७

दोघांना काल नळी झाली. अण्णा टेबलावरून उतरताना माझ्याकडे नाही, बाटलीकडे बघत होते. नंजप्पा खुशीत, ऑपरेशन टळलं म्हणून. टळलं नाही, पुढे गेलं, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही.

आज दोन्ही बाटल्या माझ्यापुढे. रं.ला म्हटलं, अण्णांची इच्छा आहे, तू लिही.

त्यानं पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "नीने बरी." तूच लिही. म्हटलं, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, "आज नाही लिहिलंस तर परत कधीच लिहिणार नाहीस. मी इथंच उभा आहे."

लिहिलं. अण्णांची ३३२. मोठ्यानं वाच म्हणाला. वाचलं. बाटलीवरचा नंबर वाच. वाचला. दोन्ही परत. पुरचुंडी बांधली, गाठ त्यानं तपासली. मग नंजप्पांची ३३३, तसंच. अण्णांचा शब्द मोडला तो मोडलाच.

संध्याकाळी घरी गेलो तर अण्णा दारातच, ओट्यावर. "कुणी लिहिली?"

मी लिहिली म्हटलं.

 ओट्यावरून बाजूला सरकले, मला आत जायला जागा दिली. की तसेच सरकले, कळलं नाही.

तुकड्यांच्या काचा डॉक्टर सोमवारी बघणार.