कागदावरचे चार दिवे

१८ मार्च १९६४, अकोला

साहेब म्हणाले, "धर्मपाल, हिवरखेडच्या नकाशातले ठिपके भरून टाका."

आमच्या वीज कचेरीत मी नकाशे काढतो. ठिपक्यांची रेघ म्हणजे काम व्हायचं आहे. सलग रेघ म्हणजे झालं. आमच्या बौद्ध वस्तीतले चार खांब, त्यावरचे चार दिवे — सगळे ठिपक्यांतच होते.

"साहेब, तिथं अजून खड्डेही खोदले नाहीत."

"मार्च संपतोय हो! काम पुरं दाखवायचं. खांब येतील मागाहून."

भरले. मग चहा पेलो.

त्याच वस्तीत माझं घर. गेल्या आखाडात माझ्या बायकोले, पंचफुलाले, तिथंच अंधारात साप चावला. सकाळ तिनं पाह्यली नाही.

१९ मार्च

काही वाटून नाही राहिलं. वाटाले पाहिजे होतं.

५ एप्रिल, हिवरखेड

आई म्हणे, "खांब कवा येते रे बाबू? तू तं त्याच हापिसात हायेस!"

माझी पोरगी शालू पाच वर्षांची. दिवस बुडाला की उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. आजी कंदील घेऊन पुढं उभी राह्यली तरी नाही. मायले तिथंच साप चावला, एवढं तिले कळते.

म्हटलं, येतील खांब. जेवलो. पिठलं होतं बहुतेक.

२२ जून, अकोला

नव्या वर्षात कुठं दिवे लावाचे, त्याची यादी आली. अंधाऱ्या वस्त्यांत आमची नाही. असणार कशी! साहेबाले विचारलं.

"ती तर झाली ना?" जराही न हसता म्हणाले.

भांडलो नाही. भांडाले जीवात काही उरलं पाहिजे.

३० जून

जानराव पाटलाच्या मळ्यातल्या पंपाची लाइन काढाची होती. मळा वस्तीच्या पलीकडं. चावडीकडून नेता येत नाही — मधात पाटलाच्या भावकीची वावरं, ते खांब गाडू देत नाहीत. मग मी वस्तीतल्या चौथ्या खांबावरून रेघ ओढली. सरळ पंपापर्यंत. कागदावर खांब आहेच की!

साहेबानं न पाहता सही ठोकली. मले हसू आलं. लगेच गेलं.

१४ सप्टेंबर

ठेकेदाराचा मुकादम शालिकराम कचेरीत येऊन ओरडला, "वायर कायले बांधू, माह्या डोक्याले? खांबच नाही तिथं!"

मागोमाग पाटील. "माहा पंप काहून अडला?" साहेबाचं तोंड पाहण्यासारखं! खांब नाहीत म्हणावं तर मार्चचं काम खोटं. आहेत म्हणावं तर पंप कोरडा.

सांजेपर्यंत चार खांबांची मंजुरी निघाली. 'मोडलेले बदलणे' असं लिहिलं. साहेबानं एकवार माझ्याकडं पाह्यलं. मी पेन्सिल तासत होतो.

८ नोव्हेंबर, हिवरखेड

खांब उभे झाले! खरेखुरे, लोखंडी! आई हात लावून लावून पाहे. "थंडगार हाये रे," म्हणे. शेजारची मैनाबाई हळदकुंकू घेऊन खांब पुजाले निघाली होती, आईनं दटावलं, "आता आपल्यात ते नाही, बाई."

आज छातीत काही हललं. बरं वाटलं म्हणावं का? म्हणतो.

१५ नोव्हेंबर, हिवरखेड

पंप सुरू झाला. पाटलाच्या मळ्यात धो धो पाणी. तारा आमच्या छपरावरून जातात. वस्तीत अंधारच. खांबांवर दिवे नाहीत.

शालिकराम सामान गाडीत भरत होता. म्हटलं, "दिवे?"

"ते कुठून आणू भाऊ? मंजुरी खांबांची आन् तारांची. दिवे तं मार्चातच लागले. हा पाहा नकाशा. सही साहेबाची, आन् काढणारा — तूच ना बे?"

आज रडलो. पंचफुला गेली तेव्हाही रडू आलं नव्हतं.