पाण्यासकट वजन धरून पिन मिळण्याबाबत

संदर्भ :
(अ) तोंड दबलेली एक पितळी घागर.
(आ) भांडारपाल भाऊसो यांचा उजवा हात.
(इ) माझे तीन अर्ज. लेखी उत्तर नाही.
(ई) खुळखुळ.

प्रति,
मा. तालुका दंडाधिकारी साहेब,
माण, मु. दहिवडी.

विषय : मुद्देमालात जमा असलेली सव्वा इंची पिन सोमवारच्या आत ट्रॅक्टरला लावण्याबाबत.

महोदय,

१. मी दुष्काळी कामावर पाण्याचा टँकर ओढणारा ट्रॅक्टर चालवीत होतो. त्याआधी नऊ वर्षे फौजेत तोफा ओढल्या. तेथे दारूगोळ्यासकट वजन धरून पिन निवडत. येथे टँकर ट्रॅक्टरच्या मागच्या दांडीला पिनेने जोडतात. दांडीचे भोक सव्वा इंची. गोदामातून पिन मिळाली पाऊण इंची. ती भोकात खुळखुळते. तो आवाज ऐकूनच बायका घागरी घेऊन बाहेर येत.

२. रिकामा टँकर सातशे किलो, भरलेला तीन टन. मी जाड पिन आणि जोडीला साखळी मागितली. भाऊसो म्हणाले, "रजिस्टरला टँकर सातशेच हाय, अर्जुना. पाणी आमच्या साहित्यात येत न्हाई. फौज हितं आणू नगंस."

४. दि. ११ रोजी वाडीच्या चढावर पिन तुटली. टँकरचा नळ गळका असल्याने चार बायका खाली घागरी धरून मागोमाग चालत होत्या. तीन टन मागे आले. माझी चुलती रंगूबाई छातीपासून चाकाखाली गेली. बयाबाईचे डोके घागर आणि दगड यांच्यामध्ये फुटले. टँकर उलटला. राहिलेल्या दोघींनी, जेथे पाणी लाल नव्हते तेथले, ओंजळीने भरून घेतले.

५. मी चालत गोदामात गेलो. भाऊसो म्हणाले, "तुटलेली जमा कर, मग दुसरी मिळंल." मी सव्वा इंची पिन उचलली आणि त्यांचा सहीचा हात टेबलावर दाबून कोपरापर्यंत मोडला. घाव सात. गुन्हा कबूल आहे. शिक्षेबद्दल तक्रार नाही.

६. तक्रार अशी की, पोलिसांनी ती पिन हत्यार म्हणून जप्त केली. गोदामात त्या मापाची दुसरी नाही. सोमवारपासून माझ्या जागी माझा धाकटा भाऊ धुळा टँकर ओढणार आहे. त्यास पुन्हा पाऊण इंचीच दिली आहे. भेटीला आला तेव्हा म्हणाला, "दादा, भोकात चिंध्या कोंबल्यात. आता लय गप चालतीया." चिंध्यांनी पिन जाड होत नाही.

७. पिनेवर रक्त आहे. न पुसता लावली तरी चालेल. खटल्याच्या तारखेस ट्रॅक्टरच कोर्टापुढे उभा करावा, पिन दाखवून परत जाईल. टँकर मात्र भरलेला आणावा. हे नियमात बसत नसल्यास सोमवारी सकाळी धुळास अटक करून माझ्या कोठडीत ठेवावे. त्याने काय केले ते मी लिहून देईन.

आपला नम्र आणि कबूल,
अर्जुना म्हाकू कोकरे
कच्चा कैदी, सातारा
दि. २१ एप्रिल १९६६

सोबत : भोकाचे माप घेतलेला दोरा, एक.

(वर क्रमांक ३ राहिला, तो असा :)

३. सव्वा इंची पिन फेब्रुवारीपासून भाऊसोंच्या टेबलावर होती. माझे अर्ज वाऱ्याने उडू नयेत म्हणून ती त्यांच्यावर ठेवलेली असे.