चार्ज घेतला

सोमवार, ६ जानेवारी

आले एकदाची सिल्वासाला. खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात लॅब इन्चार्ज झाले. नावाला इन्चार्ज, हाताखाली कोणी नाही. खोली मात्र झकास आहे, खिडकीत दुपारपर्यंत ऊन असतं. घरमालकीणबाई गुजरातीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते आणि दोघींना सगळं कळतं. पहिल्याच दिवशी त्यांनी वाटीभर उंधियू आणून दिला.

जुई नाशकात आईकडे आहे. चार वर्षांची पोर मागे ठेवून आले म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. १९ तारखेला तिचं बोरन्हाण आहे. पुढच्या वर्षी ती मोठी होईल, म्हणजे हे शेवटचंच. त्याला मी असणार म्हणजे असणार. निघताना तिने तीनदा 'नक्की?' विचारलं आणि मी तीनदा शब्द दिला.

बुधवार, ८ जानेवारी

इथे कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. मशीनं अशी कोकलतात की कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे सगळा संसार व्हॉट्सॲपवर. आमचा ऑपरेटर समाधान चार पावलांवर उभा असतो आणि मला मेसेज करतो, बारा नंबरवर धागा तुटतोय, चहा प्यायला का.

नियम एकच, पण कडक. पाळी संपली की काय काय बाकी आहे ते सगळं लिहायचं आणि खाली 'चार्ज दिला' म्हणायचं. पुढच्याने 'चार्ज घेतला' लिहिलं की मगच खुर्ची सोडायची. तोवर उठायचं नाही, मग बाहेर काहीही होवो. माझ्यानंतर तुषार येतो, धुळ्याकडचा. रोज दहा मिनिटं उशीर आणि रोज नवीन कारण.

शुक्रवार, १० जानेवारी

मुकुंद नावाच्या कोणाचा तरी खासगीत मेसेज आला. नवीन मॅडम का, बारा नंबरचा ताणमापक दोनने जास्त दाखवतो, वजा करून लिहा. तपासलं तर खरंच. चार महिने सगळे चुकीचा आकडा लिहीत होते. तिसऱ्या पाळीतला असणार. माणूस कामाचा आहे.

सोमवार, १३ जानेवारी

मुकुंदचा मेसेज रोज पावणेतीनला येतो, घड्याळ लावावं असा. आता कामापेक्षा गप्पाच जास्त होतात. दोन वर्षं घरी गेला नाही म्हणाला, रिलीव्हर, म्हणजे चार्ज घ्यायला माणूसच मिळत नाही. घरचं वरण आठवत नाही म्हणे. ऐकून फार वाईट वाटलं. मग मी माझं जुईपुराण लावलं. तो कंटाळत नाही, उलट खोदून खोदून विचारतो. ती कोणत्या कुशीवर झोपते, रडली की कशाने थांबते. एकटा माणूस दुसरं काय विचारणार.

शनिवार, १८ जानेवारी, बस स्टँडवर

बस लागायची आहे, तोवर लिहून काढते.

तीन वाजले तरी तुषार नाही. फोन बंद. नाशिकची बस चारची, ती चुकली तर उद्याचं बोरन्हाण गेलं. मुकुंदचा मेसेज आला, मी घेतो, सगळं नीट लिहून द्या, काही सुटायला नको. लिहिलं. नमुने, नोंदी, कपाटाच्या चाव्या. त्याने विचारलं, एवढंच? आणि घरचं?

मला हसू आलं. घरी जायच्या आनंदात होते, गमतीत तेही लिहून टाकलं. आईचा पत्ता. जुई गुळाशिवाय दूध पीत नाही. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने निळ्या पेटीत आहेत. लाडात आले की मी तिला चिमणे म्हणते. खाली लिहिलं, चार्ज दिला.

लगेच उत्तर आलं. चार्ज घेतला. धन्यवाद मॅडम, निघतो.

निघतो कसं? यायचं ना त्याने?

गेटवर तुषार धावत आला, गाडी पंक्चर झाली होती. मी म्हटलं, मुकुंदला दिला चार्ज. त्याचा चेहराच उतरला.

"मॅडम, त्याले लिहून दिलं तुम्ही?"

मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मुकुंद माझ्याच खुर्चीत होता. रिलीव्हर आला नाही म्हणून सलग तीन पाळ्या बसला आणि बसल्या जागीच गेला. तो न आलेला रिलीव्हर तुषारच.

"त्याले कोणी रिलीव्ह केलंच नाही मॅडम. म्या पण नाही."

मी त्याला वेड्यात काढलं. बस लागली आहे. चढते.

शनिवारच

पायरीवर पाय ठेवला होता. डावा. डोळे मिटून उघडले तर लॅब. खुर्ची.

परत गेले. गेटवर वॉचमन वसंत वहीत बघत होता, वर पाहिलंच नाही. वहीत माझ्या नावापुढे 'बाहेर' लिहिलंय. रस्ता ओलांडला आणि — खुर्ची. तीनदा झालं. तुषार समोर उभ्यानेच काम करतोय. मी ओरडतेय, पण मशीनं —

कारखान्याच्या ग्रुपवर लिहिलं. एकच टिक. आईला लिहिलं. एकच टिक.

रविवार, १९ जानेवारी

मला मेसेज येतात. माझे जात नाहीत.

आईने घरच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. जुई काळ्या झबल्यात, डोक्यावर बोरं, चुरमुरे. मागे मी. माझी मोरपंखी साडी, माझा हात तिच्या खांद्यावर. खाली आईने लिहिलंय, मंजू रात्री वेळेवर पोचली, सगळं तिच्याच हातून झालं.

मी इथे आहे. आई, मी इथे —

आता आजीच्या फोनवरून जुईचा व्हॉइस मेसेज. हळू बोलतेय, तरी मशीनांच्या वरून स्पष्ट ऐकू येतंय. बहुतेक पलंगाखालून.

"आई, तू ये ना. ही तुझ्यासारखी आहे पण झोपत नाही. मी रात्री उठले ना, तर माझ्याकडेच बघत होती."

चिमणे, ऐक. आजीकडे जा. एकटी राहू नकोस.

एकच टिक.

दुसरा आला. जुईचा श्वास फक्त. मग पावलं. मग आवाज, माझाच आवाज, अगदी माझ्या लाडात —

"कोणाशी बोलतेस गं, चिमणे?"

जुई, फोन टाक आणि पळ. दार उघडंच असेल, शेजारी जा, जोरात ओरड, ती माझा — जुई, ती मी ना —