पापाजींची नवी कविता

४ मार्च
पापाजींनी आज कविता सांगितली. सासूबाई गेल्यापासून एक ओळ आली नव्हती. हात थरथरतो, म्हणून ते बोलतात आणि मी लिहिते. मला गुरुमुखी येत नाही, त्यामुळे सासऱ्यांची पंजाबी माझ्या देवनागरीत उतरते. नागपूरची सून, अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये पंजाबी कवीची लेखनिक. आईला सांगितलं तर हसत सुटेल.
कविता विहिरीची. गाव सोडणाऱ्याला विहीर विचारते, परत कधी येशील? तो म्हणतो, तिकडचं पाणी आटलं की. लिहिताना डोळे भरले. पापाजी आज डाळ मागून जेवले.

७ मार्च
डिशवॉशर लावता लावता जसला वाचून दाखवली. नवऱ्याने हातातली ताटली खाली ठेवली. मग म्हणाला, "वैशू, ही जुनी आहे यार. मम्मी रोटी लाटताना म्हणायची. पापाजींच्या पहिल्या बुकमध्ये आहे."
पुस्तकांची खोकी गॅरेजमध्ये आहेत, पण वाचणार कोण? जसलाही गुरुमुखी येत नाही. घरात वाचता येणारे एकटे पापाजी.
"सांगू नको त्यांना. हॅपी आहेत तर राहू दे ना." एवढं बोलून मीटिंगला बसला.

१३ मार्च
आणखी दोन सांगितल्या. जस म्हणतो, दोन्ही जुन्या. हे विसरणं दाखवायला डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाली ती थेट मेमधली.
"कशी झाली, पुत्तर?"
"छान, पापाजी."
"नवी वाटते ना? तरुणपणी मला असं जमलंच नसतं."
म्हटलं, एकदम नवी. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरं काय म्हणणार होते?

१८ मार्च
कवी मंडळींचा फोन. शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये कवी दरबार. पापाजी विहिरीची कविता म्हणणार, नवी म्हणून.
जसला म्हटलं, आता तरी सांग. म्हणे, "तू सांग, तुझं ऐकतात." मी म्हटलं, वडील तुझे. तू तू मी मी झालं आणि सांगितलं कुणीच नाही.

२२ मार्च
सकाळी पगडीच्या कापडाची घडी घालायला समोर कुणी तरी लागतं, तर मेहेरने दुसरं टोक धरलं. "Dadaji, you look so handsome." सासरे लाजले. नऊ वर्षांच्या नातीपुढे. तेव्हाच सांगायला हवं होतं. कापड ताणत होते, खूश होते, तोंड उघडलंच नाही माझं.
हॉल भरलेला. पापाजी माइकवर म्हणाले, बऱ्याच दिवसांनी लिहिलंय, ताजं आहे, सांभाळून घ्या. यांच्यात रीत आहे, कवीने ओळ म्हटली की समोरचे ती परत म्हणतात. पहिली ओळ झाली, लोकांनी परत म्हटली. मला जरा धीर आला. पापाजी दुसरी म्हणायला गेले, तर हॉलने ती आधीच म्हटली. मग तिसरी. लोकांना वाटलं, "ताजं आहे" ही त्यांची चेष्टाच. हसले, टाळ्या वाजवल्या, उभे राहिले. पापाजी माइक धरून नुसते बघत होते. कविता लोकांनीच पूर्ण केली.
खाली आले तेव्हा एका बाईंनी त्यांचे हात हातात घेतले. "ही तर लग्नाआधीपासून पाठ आहे आमची." किती मायेने म्हणाल्या.
जसने गाडी काढली. मग मागून, "पुत्तर, तुला माहीत होतं?"
"हो, पापाजी."
"बाकीच्या दोन?"
"त्यापण."
जसने रस्त्यावरून नजर हलवली नाही. पापाजी म्हणाले, "मला वाटलं, अजून येते मला."

२३ मार्च
खोलीबाहेर आले नाहीत. चहा ठेवला होता तसाच. माझी मलाच लाज वाटते. मन राखायला गेले आणि भर सभेत त्यांना एकटं पाडलं. कुणी नावं ठेवली असती तर ते भांडले तरी असते. कौतुकाशी कसं भांडणार?

२९ मार्च
जेवतात, मेहेरशी पत्ते खेळतात. कवितेचं नाव नाही. जस म्हणतो, "बघ, नॉर्मल झाले." आंधळा आहे हा माणूस.

२ एप्रिल
दुपारी मी काम करत होते. दाराशी येऊन उभे. "लिख, पुत्तर." लॅपटॉप बाजूला सारला.
दोन ओळी सांगितल्या, त्यांचा अर्थ असा: "नातीला हाक मारली, ती वरून 'कमिंग' म्हणाली. तेवढ्या एका शब्दावर मी अख्खी दुपार बसून राहिलो."
थांबले. "ही जुनी का?"
"नाही पापाजी, नवी आहे. खरंच. यात मेहेर आहे, जुनी असेल कशी?"
माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.
"तेव्हाही तू नवीच म्हणाली होतीस."
"जसला विचारा."
"त्यालाही माहीत होतं."
मग म्हणाले, राहू दे, आणि आत गेले. मेहेरलाच विचारा, असं मी म्हणणार होते, पण तिला पंजाबी कुठे कळते?
कागद टेबलावर आहे. तिसरी ओळ त्यांच्याजवळ होती, थांबण्याआधी ओठ हलले होते. उद्या विचारावी म्हणते. पण मी विचारलं, तर ते माझं ऐकतील का आता?