देवघरातल्या वाती

गुंडप्पा,

मी टँकरच्या रांगेत हाय. भाकरी टोपल्यात हाय, पण आधी हात घासून धू.

काल शिकारीत साहेबाच्या बंदुकीशेजारी उभं राहायला तू देवघरातल्या फुलवाती कानात घातल्यास. घातल्यास तर घातल्यास, पण परत डब्यात कशाला ठेवल्यास? आज पूजेला त्यातलीच एक लावली. तडतडली, अन् कानातल्या मळाचा वास अख्ख्या घरात. शी!

नवा जिल्हा झाला, नवे साहेब आले, ठीक हाय. पण तळ्यात डबकंभर पाणी उरलंय. तिथं तहानेनं उतरलेली बदकं ते मारणार, अन् गळ्यात लिंगायताचं इष्टलिंग असताना तू ती चिखलातून उचलून आणणार? लई किळस येते तुझी.

कापसानं बंदुकीचा आवाज अडत न्हाई. डाळमिलमधल्या व्यंकटनं रबरी बुचं दिलीत, मशीनवर कानात घालतात ती. फुकटची हायेत. धुऊन फडताळात वाटीत ठेवलीत. साहेबाची पाठ सोडवत नसेल, तर निदान ती घाल.

सकाळी हेच बोलायला तुझ्यामागं उभी राहून तीनदा हाक मारली. कानात काय बी नव्हतं, तरी तू दाढी करत राहिलास. म्हणून लिहून ठेवलं.

अक्का