एकदा केलं, तीनदा लिहिलं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पेशीशास्त्र विभागाची निवृत्त प्रमुख, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या राहत्या घरी हे मृत्युपत्र करते. डोकं ठिकाणावर आहे. परवाच डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी न अडखळता दोनपर्यंत पोहोचले. दडपण कुणाचंही नाही. उलट मुलगी म्हणते, "आई, एवढं कशाला लिहितेस? दोन ओळींत होईल." दोन ओळींत होण्यासारखं असतं तर मी सेहेचाळीस वर्षं घालवली नसती. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त मुख्य गोष्ट गाळली होती.

कलम एक. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथल्या मुलांनी चिरताना थट्टामस्करी केली तरी चालेल, आम्हीही केली होती. शोकसभा घेऊ नये. विभागाला राहवलंच नाही, तर घ्यावी. पण माझ्या काटेकोरपणाबद्दल कुणी बोलू नये. का, ते पाचव्या कलमात आहे.

कलम दोन. बँकेतल्या ठेवी, दागिने आणि पुस्तकं मुलीला. तिच्या वडिलांचं घड्याळही तिलाच. ते रोज सहा मिनिटं मागे पडतं. दुरुस्त करू नये, त्यांनीही कधी केलं नाही.

कलम तीन. माझा जुना सूक्ष्मदर्शक माझ्या नणंदेच्या शाळेला द्यावा. सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या चाकाबद्दल: ते विभागातल्या चष्मेवाल्या सहकाऱ्याने 'दोन दिवसांसाठी' नेलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. ते त्याच्याकडून मागून घ्यावं आणि घेताना त्याच्या डोळ्यांत बघावं. चाकाचं पुढे काय करायचं ते मुलीने ठरवावं. मला फक्त त्याने ते परत करायला हवं आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बावीस वर्षं आमच्या दारासमोर स्कूटर लावत आले. त्यांना मी माफ केलं आहे. माझं पुढचं वाचल्यावर स्कूटर काय घेऊन बसायचं, असं कुणालाही वाटेल.

कलम चार. हे राहतं घर, तीन खोल्या, सज्जा आणि त्यातलं सामान, माझ्या नणंदेला, म्हणजे माझ्या यजमानांच्या धाकट्या बहिणीला द्यावं. ती आजही भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. हे घर मी ज्या प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, जोरावर घेतलं, त्यावर तिचा हक्क माझ्याहून आधीचा आहे. मुलीला हे मान्य आहे. "आत्यालाच दे," असं ती म्हणाली, तेव्हा तिला कारण माहीत नव्हतं. आता हे वाचून कळेल.

कलम पाच. हे कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात कारणं द्यायची गरज नसते. मला आहे.

नणंद आणि मी, आम्ही दोघी एकाच दिवशी प्रयोगशाळेत लागलो. दोघींत एक टेबल आणि एक स्टूल. ती बसली की मी उभी. तिचा भाऊ तिला न्यायला यायचा, तिथेच आमची ओळख झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, मला काम दिलं होतं मोनोक्लोनल प्रतिपिंड बनवायचं. वकीलबाईंना समजावलं तसंच इथे सांगते. उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी घ्यायची आणि ती कधीच न थकणाऱ्या कर्कपेशीशी जोडायची. ती जोडपेशी मग एकाच जातीचं प्रतिपिंड बनवत राहते. पण बाटलीतल्या साऱ्या पेशी एकाच आईच्या आहेत याची खात्री लागते. त्यासाठी द्रव इतका विरळ करायचा की शहाण्णव खाचांच्या ताटलीत एका खाचेत जेमतेम एक पेशी पडेल. ती वाढली की तपासायची, पुन्हा विरळ करायची. असं तीनदा. दर खेपेला तीन आठवडे जातात. काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पळवाट नाही.

मी ते एकदा केलं. वहीत लिहिलं: 'तीनदा केलं. सर्व पेशी एकाच वंशाच्या.' कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहिताना कान गरम होतात. शनिवारपासून माझी लग्नाची रजा होती. त्याआधी पेशी गोठवून ठेवा, असं सर म्हणाले होते, आणि मला नवऱ्यामुलाबरोबर पडद्यांची खरेदी करायची होती. पडदे निळे होते. दोन वर्षांत विटले.

रजेत माझ्या बाटल्या कुणी सांभाळल्या? तिनेच. लग्नानंतर मी तिला मुद्दाम 'वन्सं' म्हणायचे आणि ती मला ठसक्यात 'वहिनी' म्हणायची. सगळी प्रयोगशाळा हसायची.

तिचं काम मूळपेशींच्या रोपणाचं. त्यात एक अडचण असते. दात्याच्या अस्थिमज्जेत मूळपेशींबरोबर टी-पेशी, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पेशीही येतात आणि ज्या शरीरात गेल्या त्यालाच परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात, राहायला आलेल्या पाहुण्याने घरच्यांनाच बाहेर काढावं तसं. माझ्या प्रतिपिंडाने त्या टी-पेशी आधीच वेचून काढायच्या आणि उरलेली मज्जा उंदराला द्यायची, ही कल्पना पूर्णपणे तिची. सरांची नव्हती, माझी तर नव्हतीच.

पहिले दोन महिने तिचे उंदीर टुणटुणीत होते. मग बिनसलं. माझ्या त्या खाचेत एक नाही, दोन पेशी पडल्या होत्या. एक प्रतिपिंड बनवणारी आणि एक नुसती खाऊन वाढणारी. असे आयतोबा पेशींतही असतात आणि तिथेही तेच भराभर वाढतात. बाटली पेशींनी गच्च भरलेली दिसायची, पण प्रतिपिंड नावालाच उरलं होतं. उंदरांची लव झडली, पाठी वाकल्या, एकेक करत ते मेले. तिने पाणी बदललं, क्षार बदलले, नळ्या दोन-दोनदा धुतल्या. स्वतःचे हात तर इतके घासायची की बोटांना भेगा पडल्या. मी तिला मलम आणून दिलं. मलम!

सोमवारच्या बैठकीत सरांनी मला विचारलं, "प्रतिपिंड तपासलेलं आहे ना?"

मी म्हटलं, "हो सर. तीनदा."

ती लगेच म्हणाली, "तिने केलंय म्हणजे चोखच असणार, सर. माझंच कुठेतरी चुकतंय."

सर म्हणाले, "तुमच्या हाताला वळण नाही, बाई. काही जणांना जमत नाही, त्यात कमीपणा नाही." आणि पुढच्या विषयाकडे वळले. मी मूग गिळून बसले. माझ्या समोर वही होती, त्यातलं पान मला पाठ होतं, आणि मी वहीवर कोपर ठेवून बसले होते. तेव्हा बोलले असते तर चार दिवस बोलणी खावी लागली असती, इतकंच. सरांचा राग आठवडाभरही टिकत नसे.

वर्ष संपायच्या आत तिने काम सोडलं आणि शाळेत लागली. दोन वर्षांनी मी, आसपास कुणी नसताना, गोठवलेली जुनी कुपी काढून पेशी नीट विरळ केल्या. निम्म्या खाचा मुक्या निघाल्या, त्यांत प्रतिपिंड नव्हतंच. तेव्हा मला कळलं. आधी नुसता संशय होता, असं मी स्वतःला सांगत आले आहे, पण तेही खरं नाही. बैठकीतच कळलं होतं. चांगल्या पेशी निवडून मी त्यांना नवा क्रमांक दिला, तिच्याच पद्धतीने मज्जा साफ करून दाखवली, आणि तो निबंध माझ्या आणि सरांच्या नावाने छापून आला. आभारात पिंजरे धुणाऱ्या माणसाचं नाव आहे. तिचं नाही. बढती, पुरस्कार, हे घर, सगळं त्याच्या मागोमाग आलं.

याहून वाईट जे आहे ते आमच्या जेवणाच्या टेबलावर घडलं. आमच्या यांना थट्टेची भारी हौस. बहीण जेवायला आली की म्हणायचे, "हिला फक्त उंदीर दाखवा, तो आपणहून मरेल." सगळे हसायचे. तीही हसायची, आणि मी ताट वाढता वाढता हसायचे. वीस-पंचवीस वर्षं हाच विनोद चालला आणि मी एकदाही 'पुरे' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर यांनी विचारलं असतं, का. ते चार वर्षांपूर्वी गेले. आपल्या बहिणीच्या हाताला वळण नाही, अशीच समजूत घेऊन गेले.

मला याची लाज वाटते. उशिरा वाटली असंही नाही. पहिल्या दिवसापासून वाटते आहे, आणि त्या लाजेसकट मी मजेत जगले.

कलम सहा. ती वही आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं कबुलीचं पत्र टेबलाच्या डाव्या खणात आहे. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत वकीलबाईंनी पत्र रवाना करावं आणि वही नणंदेच्या हाती द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांच्याकडेच आहे.

कलम सात. वर न आलेलं, किंवा ज्याला द्यायचं त्याला देता न आलेलं सर्व काही मुलीला.

सहीच्या दिवशी स्वहस्ते लिहिलेली पुरवणी.

वरचा मजकूर टाइप होऊन आला तेव्हा मुलीने वाचला. मग म्हणाली, "मेल्यावर सांगणार? मग आत्याने भांडायचं कुणाशी, तुझ्या फोटोशी?" तिनेच आत्याला फोन केला. मला जमलं नसतं.

आज सकाळी नणंद आली. पिशवी खांद्यालाच, चष्मा लावून उभ्यानेच वाचायला लागली. पाचव्या कलमाला खुर्ची ओढून बसली. संपल्यावर ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वकीलबाई आणि साक्षीला बोलावलेले शेजारचे दंतवैद्य खिडकीबाहेर बघत बसले.

"म्हणजे माझं पाणी बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो."

"क्षार?"

"हो."

"आणि हात?"

मी मान हलवली. "मान नको हलवूस," ती म्हणाली, "तोंडाने सांग."

"हात उत्तम होता गं. आमच्या सगळ्यांत उत्तम."

तिने चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "आणि हे पत्र तुझ्या मरणाची वाट कशाला बघतंय?"

मी सांगितलं की पुढच्या महिन्यात नव्या प्रयोगशाळेला माझं नाव द्यायचं ठरलं आहे. शिवाय सर कधीच गेले, आता कुणाला काय फरक पडतो. हे बोलून झालं आणि आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं.

"सर गेले," ती म्हणाली. "मी आहे."

मग तिने वकीलबाईंना विचारलं, साक्षीदाराची सही कुठे असते. वकीलबाई गडबडल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही साक्षीदार झालात तर चौथं कलम बाद होईल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. घर जाईल हो हातचं."

"ठाऊक आहे. विज्ञानाच्या जोडीला नागरिकशास्त्रही मीच शिकवायचे. पेन द्या."

मी तिला म्हटलं, असं करू नकोस, एवढं तरी घे. ती म्हणाली, "घर दिलंस की तुझं फिटलं, असं होईल. तसं मला व्हायला नकोय." मी डाव्या खणातून पत्र काढलं, आजची तारीख घातली आणि सही करून तिच्याकडे दिलं. ते घेऊन ती कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत एकटीच गेली. मी सज्ज्यातून पाहिलं. पेटीपाशी ती जरा वेळ उभी राहिली, मग पत्र टाकून परत आली. आता सहावं कलम फक्त वहीपुरतं उरलं. वहीही तिने आजच पिशवीत घातली.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. त्यांनीही माझ्यासमोर केली आहे.

ठिकाण: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: १४ मार्च, शनिवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारी, दंतवैद्य. (सही)

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणारीची नणंद, निवृत्त शिक्षिका. या सहीमुळे मला घर मिळणार नाही हे मला समजावून सांगितलं आहे. ही सही माफीची नाही. पत्रात 'काही उंदीर' असं मोघम लिहिलं होतं. ते बेचाळीस होते. टाकण्यापूर्वी मी आकडा घातला आहे. (सही)