टाकीखालचा काळा रंग

ता. ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. छोटीला फळ्यावरचं दिसत नाही हे वाचून वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. आपल्या घरात दुधाचे दात पडायच्या आत चष्मा येतो. इकडे सर्व ठीक. हिची कंबर धरली होती, आता सुटली.

तू विचारलंस म्हणून गाडीचं लिहितो. घेतली. सात वर्षं वापरलेली स्पोर्ट टूरर. लांब पल्ल्याची, चार सिलिंडरची. पुढे काच, मागे दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या. वजन सव्वादोनशे किलो. पहिल्या दिवशी स्टँडवरून काढताना माझ्या अंगावर कलली, ती शेजारच्या शिंप्याने धावत येऊन सावरली. ही दारात उभी. म्हणाली, "मागे बसायला शिडी आणलीत का?" अजून बसलेली नाही. म्हणते, पन्नाशीला आलेल्या माणसाने गुडघे सांभाळावेत, असले हत्ती पाळू नयेत.

चौदा वर्षं मी त्या शंभर सीसीच्या गाडीवर कारखान्यात गेलो आणि आलो. मागून ट्रक आला की खांदे आपोआप कानाला लागायचे. हमरस्त्यावर मी कायम कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालवली. परवा टूररवर पहिल्यांदा मधल्या लेनमध्ये गेलो. मनगट जरासं वळवलं. ट्रक आरशात लहान होत गेला. ताई, मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसलो.

विकणारा दंतवैद्य आहे. त्याच्या दवाखान्यात दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून त्याने मला पेशंटच्याच खुर्चीत बसवलं आणि गाडीचे दोष वाचून दाखवले. लिहून ठेवले होते. एकोणीस. डाव्या पेटीचं कुलूप अडकतं. इंजिनखाली तेलाचा घाम धरतो. एकदा उभ्या उभ्या उजवीकडे पडली, त्याचा ओरखडा कुठे आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, गाडी विकायचीय ना तुम्हाला?" तो म्हणाला, "विकायचीय. पण उद्या तुम्ही रस्त्यात भेटलात तर मला पलीकडच्या फुटपाथवर जायला लागू नये." विक्षिप्त माणूस.

जुनी गाडी भाऊजींकडे नीट चालते ना? घाटात दुसऱ्या गिअरमध्येच उतरवा म्हणावं. मागे फार वजन नको. खड्ड्यातून सावकाश. हँडलपाशी काही आवाज येतो का, तेवढं कळव. गाडी तशी चांगली आहे. जुनी आहे, म्हणून विचारतो.

धाकट्याने पोटच्या पोरासारखी जपलेली गाडी आम्हाला दिली, असं तू लिहिलंस. भाऊजींच्या वेधशाळेतल्या लोकांनाही सांगितलंस म्हणे. असलं काही सांगत जाऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा धाकटा


ता. १७ मार्च

प्रिय ताई,

काल संध्याकाळी तुमच्याकडून सुखरूप घरी पोचलो. तुमच्या वळणांवर टूरर छान वळते. तीन तास लागले, एकदाही पाठ दुखली नाही.

तुला वाटलं असेल, हा नवं खेळणं दाखवायला आला. तसं वाटून घेतलंस ते बरंच झालं. भाऊजींनी तिला प्रदक्षिणा घातली, टायरला बोट लावलं आणि म्हणाले, "मेहुणे, ही घाटात वळते की घाटालाच वळवते?" मग त्यांनी फेरी मारली. परत आले तेव्हा हेल्मेट काढेनात. तू ओरडलीस, "उतरा आता, तुमची नाही ती!" त्यावर ते म्हणाले, "आपली आहे ना, लेकुरवाळी. तीच बरी." आणि जुन्या गाडीच्या टाकीवर थाप मारली.

ती थाप मला ऐकू आली. म्हणजे, सगळ्यांनाच आली असेल.

रोज चार फेऱ्या होतात हे मला माहीत नव्हतं. सकाळी छोटीला खाली शाळेत सोडायचं, मग वर वेधशाळेत नोंदी घ्यायच्या, दुपारी पुन्हा खाली, संध्याकाळी पुन्हा वर. मी समजत होतो एखादी फेरी असेल. तुम्ही गाडी मागितलीत तेव्हा मी विचारलं नाही.

भाऊजी बोलता बोलता म्हणाले की खड्ड्यात हँडल जरा थरथरतं. मी विचारलं, "कधीपासून?" ते म्हणाले, "आता आठवडा झाला असेल. चौदा वर्षांची बाई आहे, कुरकुरणारच." मी म्हटलं, टाकी काढून बघू का जरा, पाना आहे का. तुम्ही दोघंही हसलात. भाऊजी म्हणाले, "तपासनीससाहेब, आज सुट्टी. चहा घ्या." छोटी म्हणाली, "मामा, बिस्कीट बुडवून दाखव." मी बिस्कीट बुडवून दाखवलं.

चहा घेताना मला बरं वाटत होतं. हे लिहायला नको होतं, पण लिहून गेलो.

एक विनंती आहे. गाडी आठ दिवस उभी ठेवता येईल का? मी इथून मेकॅनिक पाठवतो. माझ्या ओळखीचा आहे, चांगला आहे. कारण विशेष काही नाही. थरथर म्हणजे बेअरिंग असेल. तरी उभी ठेवली तर बरं. निदान छोटीला मागे घेऊ नका म्हणावं, बसने पाठवा.

उत्तर लगेच टाक.

तुझा धाकटा


ता. २२ मार्च, शुक्रवार

ताई,

गाडी चालवू नका. आधी गाडीची किल्ली तुझ्याकडे घे. घेतलीस की पुढचं वाच.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. "तुझं गाडीपुराण पुरे कर. गाडी उभी ठेवली तर हे काय माझ्या पाठंगुळी बसून वर जाणार?" असं लिहिलंस. बरोबर आहे. त्याच्याखाली लिहिलंस की रविवारी तिघंही गाडीवर बसून खाली शहरात जाणार, छोटीच्या चष्म्याला. ते मी कारखान्यात टेबलाशी उभा राहून वाचलं. समोर तपासायचे भाग मांडलेले होते. त्यातला एकही मी आज नीट तपासला नाही.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. आता नीट सांगतो, कारण उद्या लागेल. ओतीव लोखंडात तडा असतो तो डोळ्यांना दिसत नाही. आम्ही भाग स्वच्छ करतो, त्यावर लाल द्रव फवारतो, दहा मिनिटं थांबतो आणि पुसून घेतो. वरचं सगळं निघून जातं. मग पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. रेघ दिसली की तो भाग तिथल्या तिथे हातोड्याने फोडायचा, कुणी चुकून उचलून वापरू नये म्हणून. फोडल्यावर वहीत सही. एकवीस वर्षं ती सही माझी आहे.

जानेवारीत मी जुनी गाडी धूत होतो. विकायची म्हणून टाकी उतरवून धुतली. टाकीखाली, हँडलचा दांडा जिथे सांगाड्यात बसतो तिथे, जोडावर रंगाला केसाएवढी चीर दिसली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून तीन डबे घरी आणले. फवारलं, थांबलो, पुसलं, भुकटी मारली. रेघ आली. करंगळीच्या पेराएवढी लांब.

ताई, मी ती पुसली. वर काळा रंग लावला. वाळू दिला आणि दुसरा हात मारला. टाकी बसवली.

तेव्हा तुमच्याबद्दल काही ठरलं नव्हतं, हे खरं आहे. पण त्याचा काही उपयोग नाही, कारण दुसऱ्या कुणालाही मी ती तशीच विकणार होतो. चार दिवसांनी भाऊजींचा फोन आला, "ऐकलं की मोठी घेताय, मग जुनी घरातच राहू द्या की." मी म्हटलं, विचार करून सांगतो. कसलाही विचार केला नाही. दंतवैद्याने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं आणि मला ती गाडी हवी होती. मला चौदा वर्षांत काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. जुनीचे पैसे हातात आल्याशिवाय मोठी येत नव्हती. मी स्वतःला सांगितलं की रेघ जुनी असेल, वाढायची नाही. कारखान्यात हे वाक्य कुणी पोरसवद्याने उच्चारलं तर मी त्याला टेबलापासून बाजूला करतो.

दंतवैद्य दोष वाचत होता तेव्हा जुनी गाडी तुमच्याकडे जाऊन तीन दिवस झाले होते. पाचव्या दोषानंतर त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तुला मी ती गंमत म्हणून लिहिली.

तो जोड तुटला तर पुढचं चाक एकीकडे जातं आणि बाकी गाडी माणसांसकट दुसरीकडे. आधी काही कळत नाही. कळायचं असतं ते थरथरीतून, आणि ती सुरू झाली आहे. मला गेल्या शनिवारी तुमच्या अंगणात ते कळलं. मी मुद्दाम सांगायला आलो होतो. तीन तास वाक्य घोकत आलो. तुम्ही हसलात, आणि मी ते हसणं धरून बसलो. तेव्हापासून शाळेचे पाच दिवस छोटी त्या गाडीवर जाते आहे. रोज आठच्या सुमाराला मी कारखान्यातल्या घड्याळाकडे बघतो आणि सव्वाआठला पुन्हा कामाला लागतो.

आज दुपारी वेधशाळेत फोन लावला. चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. भाऊजींनीच उचलला. मी त्यांना हवामान विचारलं. ते म्हणाले, "उद्या स्वच्छ आहे मेहुणे, या की पुन्हा." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या तोंडाचा आता मलाच भरवसा नाही. म्हणून हे कागदावर.

हिला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही मला नव्या गाडीवर मागे बसा म्हणत होतात ना? त्याच दोन महिन्यांत?" मी म्हटलं की टूरर त्यांना देऊन टाकतो. ती म्हणाली, "आधी सांगा. मग गाड्या वाटा." पुढे ती आज माझ्याशी बोललेली नाही. डबा मात्र भरून ठेवलाय.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. सकाळी साडेचारला निघेन, म्हणजे आठच्या आत, भाऊजी छोटीला घेऊन निघायच्या आत पोचेन. पाकीट तुझ्या हातात देईन. काही विचारू नकोस, कारण विचारलंस तर मी पुन्हा हवामानाचं काहीतरी बोलेन.

टूररच्या उजव्या पेटीत ते तीन डबे आहेत, पाना आणि घासायचा कागद आहे. भाऊजींना म्हणावं, टाकी उतरवा, जोडावरचा काळा रंग कागदाने पूर्ण घासून काढा, मग मी वर लिहिलंय तसं करा. रोज पारा वाचणारा माणूस आहे, त्यांना जमेल. मी हात लावणार नाही. रेघ त्यांनी स्वतः बघावी. ती आता पेराएवढी राहिलेली नसणार. बघून झालं की सांगाडा फोडावा, भंगारवाल्यालासुद्धा अखंड देऊ नये.

टूररची किल्ली उतरल्याबरोबर याच पाकिटात टाकेन. सोमवारी भाऊजींना वर जायचंच आहे आणि छोटीचा चष्मा थांबणार नाही. तुम्हाला नको असेल तर तसं सांग. दिल्याने माझं काही फिटत नाही, हे मला कळतं.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. शाळेत कुणाची पेन्सिल आणली तर तू मला हाताला धरून त्याच्या घरी परत द्यायला न्यायचीस आणि स्वतः कोपऱ्यावर थांबायचीस. मी आत जाऊन बोललो की नाही, ते तू माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचीस. या वेळी तुझ्याकडेच यायचं आहे आणि बरोबर कुणी नाही.

वाचून झालं की मला लगेच आत बोलावू नकोस. बोलवायचंच नाही असं ठरवलंस तरी मी समजेन. भाऊजी काय म्हणतील ते ऐकायला मी थांबलेला असेन, शिव्या असल्या तरी. छोटीला फक्त एवढं सांग की आज शाळेत बसने जायचं. का, ते ती मोठी झाल्यावर सांगितलंस तरी चालेल, किंवा आजच सांग. तो हक्क मी तुझ्याकडे ठेवतो.

टाकी खाली उतरलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी जागचा हलणार नाही.

तुझ्या फाटकाबाहेर उभा,
धाकटा